डी नंतर थेट एफ: सवलतींच्या यादीतील एका लपवलेल्या रकान्याचे प्रकरण

नवी मुंबईतील एका खासगी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून ६४ विद्यार्थ्यांची आरोग्यविषयक माहिती बाहेर गेली. त्या घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या तीन जणांच्या समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी होतो. विद्यापीठाचे, विद्यार्थ्यांचे किंवा कर्मचाऱ्यांचे नाव येथे देत नाही, आणि ज्या तपशिलांवरून एखादी व्यक्ती ओळखू येईल ते बदलले आहेत किंवा गाळले आहेत. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की त्यात कोणी हॅकर नव्हता, कोणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता आणि कोणाच्या मनात वाईटही नव्हते. प्रत्येकाने आपापले काम केले, आणि ते काम करता करताच एका मुलीचा मानसोपचार तिच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पोहोचला.

यादी कुठून आली

परीक्षा विभागाकडे विद्यार्थ्यांच्या आजारांची यादी मुळात असतेच कशाला, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक मिळावा आणि दर तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ मिळावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने ऑगस्ट २०१८ मध्ये काढली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला, की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला केवळ त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या निकषात बसत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यास अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. हे सारे योग्यच झाले. मात्र त्याचा एक परिणाम असा, की ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र नाही, पण डॉक्टरांची चिठ्ठी आहे, असे विद्यार्थीही आता परीक्षा विभागाच्या खिडकीशी येऊ लागले. शिवाय विद्यापीठाच्या स्वतःच्या सवलती होत्याच: दाराजवळची जागा, मधुमेही विद्यार्थ्याला दालनात खाऊ सोबत ठेवण्याची मुभा, मधेच बाहेर जाऊन येण्याची परवानगी, आजारपणामुळे कमी पडलेल्या हजेरीतून सूट.

या सर्वांसाठी एकच अर्ज होता. त्यात ‘सवलतीचे कारण’ अशी एक ओळ होती आणि खाली ‘वैद्यकीय प्रमाणपत्राची छायांकित प्रत जोडावी’ अशी सूचना. अर्ज विभागात आला, की तेथील लिपिक बाई तो एक्सेलमध्ये चढवीत. त्या अकरा वर्षे त्या टेबलावर आहेत, आणि प्रमाणपत्रावर जे लिहिले असेल ते अक्षरशः उतरवायचे, पदरचे काही घालायचे नाही, ही त्यांची शिस्त. त्यामुळे तक्त्यात ‘अपस्मार’, ‘क्षयरोग, उपचार सुरू’, ‘तीव्र नैराश्य, औषधे सुरू’ असे शब्द जसेच्या तसे आले. रकाने असे होते: ए मध्ये आसन क्रमांक, बी मध्ये नाव, सी मध्ये दालन, डी मध्ये सवलत, ई मध्ये कारण आणि एफ मध्ये शेरा.

यादी पर्यवेक्षकांना पाठवायची वेळ आली, तेव्हा कारण सर्वांना दिसू नये हे बाईंच्या लक्षात होते. त्यांनी ई हा रकाना निवडला, उजवे बटण दाबले आणि ‘हाइड’ केले. आपण ते मिटवले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्याच फाइलची पीडीएफ काढून पाठवली असती, तर लपवलेला रकाना तिच्यात उतरलाच नसता आणि हे प्रकरण घडलेही नसते. पण आयत्या वेळी दालन बदलले तर पर्यवेक्षकांना यादीत दुरुस्ती करता यावी, म्हणून केंद्रप्रमुखांनी एक्सेलच मागितली होती.

फाइल पर्यवेक्षकांच्या ग्रुपवर पडली. त्या ग्रुपवर तासिका तत्त्वावरील अध्यापकही होते. त्यांपैकी एक ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येतात. घणसोलीच्या आसपास त्यांनी ती उघडली, दोन विद्यार्थ्यांचे दालन बदलल्याचे पाहिले, आणि मुलांची सकाळी धावपळ होऊ नये म्हणून जुईनगर येण्याआधीच ती वर्गाच्या ग्रुपवर पुढे पाठवली. ‘दालन बदलले आहे, कृपया पाहून घ्या’ असा त्यांचा निरोप होता. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने ती लॅपटॉपवर उघडली. वरच्या पट्टीत डी नंतर थेट एफ आहे, हे त्याला दिसले. दोन्ही रकाने एकत्र निवडून ‘अनहाइड’ करायला किती वेळ लागतो, हे मी समितीच्या बैठकीत घड्याळ लावून करून दाखवले: चार सेकंद. त्याने स्क्रीनशॉट काढून दोन मित्रांना पाठवला. ‘हे असे उघडे पडले आहे, कोणाला तरी सांगायला हवे’ हा आपला हेतू होता, असे त्याने सांगितले, आणि ते खोटे मानण्याचे कारण मला दिसले नाही. पण स्क्रीनशॉटला हेतू चिकटत नाही.

कोणाचे काय झाले

क्षयरोगाचा उल्लेख असलेला विद्यार्थी कोपरखैरणेत तिघांबरोबर खोली घेऊन राहत होता. योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते, आणि त्याचे उपचार तर कित्येक आठवड्यांपासून चालू होते. पण हे डॉक्टरांनी समजावण्याआधीच सोबत्यांनी त्याला खोली सोडायला सांगितली. अपस्मार असलेल्या मुलाने कॅम्पस मुलाखतींसाठी दिलेले नाव मागे घेतले. कंपनीला काही कळले होते असे नाही, कळेल या धास्तीने त्याने ते केले.

‘तीव्र नैराश्य’ असे ज्या मुलीच्या नावापुढे होते, तिचा चुलतभाऊ त्याच विद्यापीठात होता. संध्याकाळपर्यंत घरी समजले. तिने समितीपुढे जे सांगितले ते मला अजून आठवते: वर्गात कोणी चिडवले नाही, कोणी काही विचारलेही नाही, उलट सगळे एकदम फार नीट वागू लागले, जागा देऊ लागले, आवाज खाली करून बोलू लागले, आणि तेच तिला सहन झाले नाही. पहिल्या दोन पेपरांना ती आली नाही.

पहिला दिवस

दुपारी समुपदेशकांना कळले, त्यांनी कुलसचिवांना सांगितले, आणि तेथून पुढचे दोन तास ही ‘घटना’ आहे की नाही यावर वाद चालला. माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांचे म्हणणे असे, की सर्व्हर शाबूत आहे, लॉगमध्ये काही संशयास्पद नाही, हॅकिंग झालेले नाही, म्हणजे त्यांच्या विभागाशी याचा संबंध नाही. ही समजूत अनेक संस्थांत दिसते, आणि ती चुकीची आहे. सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सहा तासांच्या आत कळवण्याच्या घटनांच्या यादीत डेटा लीकचाही समावेश आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये तर वैयक्तिक डेटाच्या भंगाची जी व्याख्या आहे, तिच्यात चुकून झालेले उघडीकरणही येते. कुलूप तुटले नाही म्हणून चोरी झाली नाही, असे म्हणता येत नाही. येथे तर कुलूप नव्हतेच.

तोवर केंद्रप्रमुखांनी पर्यवेक्षकांच्या ग्रुपवरचा निरोप ‘सर्वांसाठी’ पुसला होता. त्याने मूळ निरोप गेला. ज्यांनी फाइल फोनमध्ये उतरवून घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली, आणि वर्गाच्या ग्रुपवर गेलेली प्रत त्या अध्यापकांनी स्वतः पुसेपर्यंत तशीच होती. ते तेव्हा तासावर होते आणि त्यांचा फोन सायलेंटवर होता.

सायंकाळी कुलसचिव कार्यालयाने सूचनेचा मसुदा केला. ‘ज्या विद्यार्थ्यांची वैद्यकीय माहिती अनवधानाने प्रसृत झाली आहे त्यांनी समुपदेशन कक्षाशी संपर्क साधावा’ अशी सुरुवात होती आणि खाली ६४ आसन क्रमांक. ही सूचना फलकावर लागणार होती. समुपदेशक बाईंनी ती हातातूनच काढून घेतली. ज्यांनी यादी पाहिली नव्हती त्यांनाही आता कोणाला आजार आहे हे कळले असते, आणि तेही अधिकृत शिक्क्यानिशी. त्याऐवजी बाईंनी स्वतः एकेकाला फोन केले. काय बाहेर गेले, कोणापर्यंत गेले असावे, विद्यापीठाने आतापर्यंत काय केले आणि विद्यार्थ्याला काय हवे आहे, एवढेच त्या बोलल्या. वर्गशिक्षकांना हे काम मुद्दाम दिले नाही. ते त्या वर्गाच्या ग्रुपवर होते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण विद्यापीठाच्या व्यवस्थापनाने सर्वाधिक वेळ त्यावरच घालवला आणि उत्तर मात्र अन्यत्र होते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३ ए आणि त्याखालील २०११ चे नियम शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ माहिती मानतात. पण ते ‘बॉडी कॉर्पोरेट’ना, म्हणजे कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना, लागू आहेत, आणि न्यासाने चालवलेले विद्यापीठ त्यात बसते का यावर दोन वकिलांनी दोन मते दिली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा स्पष्ट हक्क देते, परंतु ती पाळण्याचे कर्तव्य उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर टाकते. प्रमाणपत्र दवाखान्याच्या दाराबाहेर पडले, की ते कर्तव्य दारातच राहते आणि कागद एकटा पुढे जातो. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तो अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर डेटा संरक्षणाची जबाबदारी टाकतो, आणि त्यातील आस्थापनेची व्याख्या बरीच व्यापक आहे. या यादीत तसा उल्लेख नव्हता. नव्हता तो केवळ योगायोगाने. अर्जात तशी काही अटकाव करणारी सोय नव्हती.

२०२३ च्या अधिनियमाची गंमत अशी, की त्यात आरोग्यविषयक माहितीसाठी वेगळा वर्गच नाही. फोन नंबर आणि क्षयरोगाचे निदान दोन्ही त्याच्या लेखी ‘वैयक्तिक डेटा’; फरक पडतो तो दंड ठरवताना, कारण तेव्हा कोणत्या प्रकारची माहिती उघड झाली हे डेटा संरक्षण मंडळाने पाहायचे आहे. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. हे प्रकरण त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळी परीक्षेतले आहे. म्हणजे नियम छापून झाले होते आणि लागू व्हायचे होते. ‘अजून लागू नाहीत ना?’ हा प्रश्न बैठकीत तीनदा आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ चा आहे, याची आठवण मला करून द्यावी लागली. तो निर्णय थेट खासगी संस्थेवर कितपत बंधनकारक, हा वेगळा वाद. पण आपण विद्यार्थ्यांचे काही देणे लागतो हे कळण्यासाठी मे २०२७ पर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

शोधताना सापडलेल्या आणखी दोन गळत्या

एक फाइल बाहेर गेली म्हणून आम्ही इतर वाटा तपासल्या. पहिली गळती रोज होत होती आणि तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. हजेरीची यंत्रणा पालकांना आपोआप एसएमएस पाठवीत असे, आणि हजेरीतून सूट मिळाली की त्यात कारणही जाई: ‘आपल्या पाल्यास वैद्यकीय कारणास्तव, स्त्रीरोग, सूट मंजूर.’ एकवीस वर्षांच्या मुलीचे वैद्यकीय कारण तिच्या वडिलांना कळवण्याचा अधिकार विद्यापीठाला कोणी दिला, यावर प्रशासनाचे उत्तर होते, ‘पालक फी भरतात.’ प्रथम वर्षात काही विद्यार्थी अठरा वर्षांच्या आतले असतात आणि त्यांच्याबाबत नवा कायदा पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अपेक्षा करतो, हे खरे. पण तो एसएमएस वय पाहून जात नव्हता. सगळ्यांनाच जात होता.

दुसरी गळती संकेतस्थळावर होती. मूल्यांकन समितीच्या भेटीच्या वेळी पुरावा म्हणून दिव्यांग विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांची एक जाडजूड पीडीएफ चढवली गेली होती. भेट होऊन गेली, श्रेणी मिळाली, पेढे वाटले गेले आणि फाइल तिथेच राहिली. विद्यार्थ्याचे नाव शोधयंत्रात टाकले, की तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर त्याचे प्रमाणपत्र, छायाचित्रासह. ती त्याच दिवशी काढली आणि शोधयंत्राच्या साठ्यातूनही काढण्याची विनंती केली. तिच्या जागी विभागाने ‘नावे वगळून’ तक्ता दिला: विभाग, वर्ष, लिंग, दिव्यांगत्वाचा प्रकार आणि संख्या. त्यातील निम्म्या घरांत १ हा आकडा होता. एखाद्या विभागाच्या तिसऱ्या वर्षाला सात मुली असतील आणि तक्ता म्हणत असेल ‘श्रवणदोष, स्त्री, १’, तर नाव वगळून काय वगळले?

अमेरिकेत १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवून खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या नोंदी शोधून काढल्या. नवी मुंबईत तर पत्त्यात नोडबरोबर सेक्टरही असतो. पिनकोडपेक्षा तो कितीतरी बारीक. त्यामुळे तक्त्यातील पाचपेक्षा कमी संख्या असलेली घरे एकत्र करायची आणि विभागाऐवजी विद्याशाखा दाखवायची, एवढे आम्ही ठरवून दिले.

काय बदलले

व्यवस्थापनाची पहिली सूचना एन्क्रिप्शनची होती, दुसरी नवे सॉफ्टवेअर घेण्याची. दोन्ही करावीत, पण मूळ दुखणे निराळे होते. पर्यवेक्षकाला ‘दालन क्र. ४, दर तासाला २० मिनिटे जादा’ एवढेच हवे असते. परीक्षा विभागालाही त्याहून अधिक लागत नाही. कारण हवे असते ते फक्त त्या एका माणसाला, जो सवलत द्यायची की नाही हे ठरवतो. आमच्या कार्यालयांत मात्र निर्णयाबरोबर त्याचे कारणही प्रत्येक टेबलावर फिरते, कारण फाइल ‘परिपूर्ण’ असावी लागते. ज्याच्याकडे ती येते त्याला कारणाची गरज आहे का, हे कोणी विचारत नाही.

म्हणून अर्जातून कारणाची ओळच काढली. आता प्रमाणपत्र फक्त विद्यापीठाच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवायचे. ते पाहून परत द्यायचे, प्रत ठेवायची नाही, आणि सवलतीची एक चिठ्ठी द्यायची, जिच्यावर एक क्रमांक, सवलत आणि मुदत असते. परीक्षा विभाग त्या क्रमांकावर काम करतो. नव्या नियमांत आभासी टोकनांचा, म्हणजे खऱ्या माहितीऐवजी वापरायच्या खुणांचा, जो उल्लेख आहे, त्याचे हे कागदी रूप म्हणता येईल. क्रमांक आणि विद्यार्थी यांची सांगड एका नोंदवहीत. वही डॉक्टरांच्या कपाटात. निकाल आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत संपली, की त्या सत्राची पाने दोन जणांच्या सहीने नष्ट.

परीक्षा नियंत्रकांचा विरोध तीव्र होता आणि तो उडवून लावण्याजोगा नव्हता. पैसे मोजून वैद्यकीय दाखला मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. उद्या कोणी माहितीच्या अधिकारात किंवा न्यायालयात विचारले, की अमुक विद्यार्थ्याला जादा वेळ कशाच्या आधारे दिला, तर आपण काय दाखवायचे, असा त्यांचा प्रश्न. त्यावर असे ठरले, की डॉक्टरांनी नोंदवहीत प्रमाणपत्र देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहायची, निदान लिहायचे नाही. शंका आली तर त्यांनीच पडताळायचे. बोगस दाखला ओळखण्याचे काम लिपिकापेक्षा डॉक्टर बरे करतील, हेही नियंत्रकांनी मान्य केले, जरा नाइलाजानेच. व्यवहारातली अडचण मात्र खरी निघाली: डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, अकरा ते एक. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत गेली, आणि रांगेत उभे राहणे हेही एक प्रकारचे उघडे पडणेच होते. पुढे समुपदेशन कक्षातील भेटींच्या वेळांतच हे काम मिसळून टाकले.

काही गोष्टी झाकता येत नाहीत. लेखनिक शेजारी बसला की दिसतोच. सवलतीच्या सर्व विद्यार्थ्यांना एकाच दालनात बसवण्याची प्रथा सोडावी, असे मी सुचवले होते; पर्यवेक्षकांच्या तुटवड्यामुळे ते मान्य झाले नाही.

लिपिक बाईंवर कारवाई करावी असा एक प्रस्ताव होता. मी विरोधात मत दिले. लपवणे आणि काढून टाकणे यांतला फरक त्यांना अकरा वर्षांत कोणी शिकवला नव्हता. लपवायला हवे एवढे तरी त्यांनी ओळखले होते. त्या दिवशी ती फाइल ज्यांच्या हातून गेली, त्यांच्यापैकी हे ओळखणाऱ्या त्या एकट्याच.

पुढच्या उन्हाळी परीक्षेत सवलतीसाठी ३९ अर्ज आले. बोगस दाखलेवाले गळाले, असे नियंत्रक म्हणाले. समुपदेशक बाईंनी जुनी यादी आठवून, कागदावर काही न लिहिता, ज्यांनी पुन्हा अर्ज केला नव्हता अशा सहा जणांना फोन केले. दोघे बरे झाले होते. एकाने फोन उचलला नाही. तिघांनी सांगितले, की जादा वेळ नको, आहे त्या वेळेत जेवढे लिहून होईल तेवढे लिहू. नैराश्याची औषधे घेणारी ती मुलगी या तिघांत होती.